पडद्याबाहेरचे दोन ठोके

अब्बांच्या खोकल्यावरून अम्मीला सगळं कळायचं. आम्ही पिंजारी. चाळीस वर्षं रुई पिंजून अब्बांच्या छातीत कापूस बसला तो बसलाच. डॉक्टर दर वेळी नाकाला फडकं बांधा एवढंच सांगायचे आणि अब्बा दर वेळी ते फडकं खांद्यावर टाकून कामाला बसायचे. सकाळचा खोकला वेगळा, गादी भरून झाल्यावरचा वेगळा. बाहेरून आले की उंबऱ्याशी ते मुद्दाम दोनदा खाकरायचे, शेजारपाजारच्या बायका बसल्या असतील तर त्यांनी सावरून घ्यावं म्हणून. अम्मी आतूनच मला सांगायची, "आज त्या चिडेल शेतस, पहिले पानी दे." आणि ते खरंच चिडलेले असायचे.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या खोकल्यामुळे झालं. नाही, हे खोटं आहे. ते माझ्यामुळे झालं. मी जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवते. वाक्यात कर्ता कोण हे मला तरी लपवता येऊ नये.

अम्मी एरंडोलजवळच्या खेड्यातली. आमची खेड्यातली माणसं घरातसुद्धा अहिराणीच बोलतात, आणि अम्मी जळगावात येऊन इतकी वर्षं झाली तरी बदलली नाही. अब्बा तरुणपणी पिंजण खांद्यावर टाकून सावद्यापर्यंत, पार मुक्ताईनगरापर्यंत गावोगाव हिंडलेले, त्यांची बोलीही तीच. उर्दू आमच्याकडे नमाजापुरती आणि पाहुण्यांपुरती. मी शाळेत प्रमाण मराठी शिकले आणि घरात येऊन दोघांच्या बोलण्यात चुका काढायला लागले, तेव्हा अब्बा म्हणाले होते, "मास्तरीन व्हई गयी मन्ही पोर, आते आपले बोलाले बी इजाजत लागी." तेव्हापासून ते मला चिडवायला मास्तरीणच म्हणत.

रमजानचे शेवटचे दहा दिवस अब्बा घरी नसायचे. ते एतिकाफला बसायचे. विसाव्या रोजाला सूर्य मावळायच्या आत मशिदीत जायचं ते थेट ईदचा चाँद दिसल्यावरच बाहेर यायचं. तिथेच झोपायचं, तिथेच इबादत करायची. मोहल्ल्यातलं निदान एक माणूस तरी बसायला हवं, नाहीतर अख्ख्या मोहल्ल्याच्या माथी ठपका येतो. आमच्या मोहल्ल्यात ते एक माणूस म्हणजे अब्बा. अम्मी दोन्ही वेळचा डबा करायची, कुणीतरी तो मशिदीत पोचवायचं, आणि दहा दिवस ती घर सांभाळायची.

बायकांनाही बसता येतं, घरातल्या घरात, एक कोपरा धरून. अम्मीला फार इच्छा होती. पण अब्बा मशिदीत, ही कोपऱ्यात, मग घर कोण चालवणार? भाई आणि मी लहान असताना जमलं नाही, मोठे झालो तेव्हा आजी अंथरुणाला खिळली. दर वर्षी ती "पुढना वरीसले" म्हणायची आणि डबा भरायला घ्यायची. ते माझ्या मनाला कधी लागलंच नाही. घरातल्या बाईची इच्छा घरातल्यांनाच शेवटी कळते.

करोनाच्या पहिल्या वर्षी घाबरून सगळेच घरात बसलो. दुसऱ्या वर्षी रमजान आला तेव्हा मशिदीला पुन्हा कुलूप होतं, इमामसाहेब आणि एकदोघंच आत. अब्बांचं एतिकाफ दुसऱ्यांदा चुकणार होतं. पुरुषाचं एतिकाफ घरी होत नाही. दोनतीन दिवस ते घुम्यासारखे बसून राहिले. मग एका दुपारी, रोजा असताना, दुकानातून उठून आत आले आणि अम्मीला म्हणाले, "औंदा तू बस. मन्ही इजाजत शे."

अम्मी भाजी निवडत होती. "आनि डबा?"

"डबा मी देसू."

"तुमले भाजी करता येस का?"

"रुई पिंजता येस," अब्बा म्हणाले, "भाजीनं काय एवढं."

अम्मी पदराआड हसली. मी तिला नव्या नवरीसारखं लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

मधल्या खोलीचा कोपरा ठरला. अब्बांनी तारेवर पांढरी चादर लावली आणि अम्मीसाठी नवी गादी भरली, पातळ, पण रुई स्वतः वेचलेली. गिऱ्हाइकाच्या गादीलाही त्यांनी इतके बारीक टाके कधी घातले नव्हते. आत जायच्या आधी अम्मीने मला सांगितलं की ती एकच गोष्ट मागायला बसणार आहे. त्यांचा खोकला जाऊ दे. बाकी काही नाही.

पहिले तीन दिवस आमच्या घरात मजा होती. होय, मजाच. बाहेर जळगावभर रुग्णवाहिका धावत होत्या, फोन आला की उचलायला कुणी पुढे व्हायचं नाही, आणि आमच्याकडे अब्बा कमरेला टॉवेल गुंडाळून कांदा चिरत होते. डाळ करपली. एकदा खिचडीत मीठ दोनदा पडलं. ताट झालं की ते पडद्याशी जायचे आणि गादी मापायचा लाकडी गज भिंतीवर दोनदा आपटायचे, ठक ठक. मशिदीत डबा आला की बाहेरून दार तसंच वाजायचं म्हणे. मग अम्मीचा हात चादरीखालून यायचा, ताट आत जायचं, आणि आतून तीही पेल्याने फरशीवर दोनदा वाजवायची. मिळालं म्हणून. साठी ओलांडलेली दोन माणसं लपंडाव खेळत होती आणि मी रजा टाकल्यासारखी त्यांच्याकडे बघत बसायची.

चोविसाव्या रोजाला अब्बांना ताप आला.

खोकला वाढला होता, पण खोकला तर होताच. तिथेच आम्ही फसलो. दुसऱ्या कुणाच्या घरी असा खोकला असता तर तिसऱ्या दिवशीच सगळे सावध झाले असते. आमच्या घरात तो भिंतीवरच्या घड्याळासारखा होता, चालू आहे तोवर कुणी वर बघत नाही. त्यांनी गादी उचलून पुढच्या दुकानाच्या खोलीत टाकली आणि मला लांबूनच म्हणाले, "तिले सांगू नको. ती उठी येई."

मी म्हटलं, "अब्बा, ताप आहे. तिला सांगायला नको?"

"इतला वरीसमां पहिल्यांदा बसेल शे ती. मन्हामुळे मोडाले नको."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला ते फार मोठं वाटलं. एतिकाफ मोडणं म्हणजे काय याची माझ्या मनात लहानपणापासून एक भीती होती. अब्बा दर वर्षी बसायचे तेव्हा आजी आम्हाला मशिदीच्या दारातही जाऊ द्यायची नाही, त्यांनी चुकून बाहेर पाऊल टाकलं तर सगळं गेलं म्हणायची. सगळं गेलं म्हणजे काय गेलं, ते परत मिळतं का, हे मी कधीच कुणाला विचारलं नाही. वर्गात मुलांच्या मागे लागते, शंका विचारा, शंका विचारा. स्वतःच्या घरातल्या गोष्टीबद्दल एक शंका मला आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई धुळ्याहून पास काढून गाडी घेऊन आला. तो तिकडे यंत्रमागावर असतो. अब्बांना धाप लागली होती, ओठांचा रंग चांगला नव्हता. त्यांना धरून नेताना ते मधल्या खोलीच्या दाराशी थांबले. चादरीकडे बघितलं. आतून कुराण पढण्याचा बारीक आवाज येत होता. त्यांना खोकला येत होता आणि तो ते दोन्ही हातांनी तोंडात दाबत होते, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मग त्यांनी गज माझ्या हातात दिला आणि खुणेने भिंतीकडे दाखवलं.

त्या दिवशी इफ्तारीला मी ताट वाढलं, पडद्याशी गेले आणि अब्बांसारखेच दोन ठोके दिले. ठक ठक. आतून पेला वाजला.

"आज त्यास्ना खोकला नही," अम्मी म्हणाली.

मी म्हटलं, "औषध बदललंय डॉक्टरांनी. बोलू नका म्हणालेत. घसा सुजलाय."

"बरं व्हयनं. अल्लानी मन्हं ऐकं."

मगरिबची, तिन्हीसांजेची नमाज झाल्यावरही ती उठली नाही. मी बाहेरून ऐकत होते. तिने आणखी दोन रकात पढल्या, शुक्रान्याच्या. खोकला थांबला म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला. त्या क्षणी चादर ओढून तिला सांगायला हवं होतं. ती तेवढी एक वेळ होती असंही नाही. त्यानंतर रोज होती, दिवसातून दहा वेळा होती.

पालिकेची माणसं आली, दारावर कागद चिकटवून गेली. आमच्या दोघींच्या नाकातले नमुने घ्यायचे होते. प्लास्टिकचा झगा घातलेली बाई चादरीआड गेली तेव्हा अम्मीने तिला विचारलं, "बठ्ठा मोहल्लामां चालू शे का हाई?" मी बाहेरूनच मोठ्याने "हो" म्हटलं. त्या बाईने चादरीबाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं. झग्यातून तिचे फक्त डोळे दिसत होते. नमुन्याची नळी डब्यात ठेवून ती निघाली. आम्हा दोघींनाही काही निघालं नाही, आणि मी त्याचाही अर्थ असाच लावला की अल्लाहला माझं वागणं मंजूर आहे. माणूस स्वतःच्या सोयीचे इशारे फार पटकन ओळखतो.

शेजारच्या अक्कांना मात्र सगळं माहीत होतं. भाईची गाडी त्यांनी पाहिली होती. आमची आणि त्यांची मागची भिंत एक. सव्विसाव्या रोजाला त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली, मी धावत जाऊन ओठांवर बोट ठेवलं.

"भाऊ कशा शेतस?"

"ऑक्सिजनवर आहेत."

"तुन्ही मायले सांगं का?"

मी नकारार्थी मान हलवली.

अक्का भिंतीवर हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा पहिल्या वर्षी गेलेला, याच आजाराने. "सांगी दे, बेटा," त्या म्हणाल्या. "देव कोनताबी ऱ्हावो, बाईले नवराकडे जावाले तो नही म्हनाऊ नही."

आणि मी त्यांना काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अक्का, आमच्यात असतं तसं. तुम्हाला नाही कळायचं." ज्यांच्या घरची दिवाळीची फराळाची ताटं खाऊन मी वाढले त्यांना मी असं म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. "बरं" म्हणून आत गेल्या. थोड्या वेळाने भिंतीवर एक वाटी ठेवलेली होती, साबुदाण्याची खीर, अम्मीच्या इफ्तारीसाठी. ती मी ताटात वाढली आणि दोन ठोके दिले.

सत्ताविसाव्याला दुपारी भाईचा फोन आला. अब्बांच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. पण ते सारखं फोनकडे बोट दाखवत होते आणि मग डोक्यावरून हात फिरवून पदरासारखी खूण करत होते. "अम्मीशी बोलायचंय त्यांना," भाई म्हणाला. "निदान तिचा आवाज तरी ऐकायचा असेल. देतेस का फोन?"

म्हणजे त्यांनी स्वतःचा शब्द स्वतःच मागे घेतला होता. तिले सांगू नको म्हणणारा माणूस आता सांग म्हणत होता. एवढं सरळ होतं ते. मी फोन हातात धरून चादरीपासून चार पावलांवर उभी होते. आत अम्मी तस्बीचे मणी ओढत होती, त्यांचा आवाज येत होता.

मी भाईला म्हटलं, "दोनच दिवस राहिले. चाँद दिसला की ती बाहेर येईल, मग लगेच बोलू दे. त्यांना सांग, अम्मी त्यांच्यासाठीच बसली आहे."

भाई म्हणाला, "तू ठरव. तू शिकलेली आहेस."

त्याने ते अब्बांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशात श्वासाची नळी घातली. एकोणतिसाव्या रोजाला, दुपार कलताना, असरच्या अजाननंतर, ते गेले.

मी लगेच सांगितलं. चाँदची वाट बघण्याइतकी तरी मी उरले नव्हते. चादर बाजूला केली. अम्मी गादीवर बसली होती, समोर कुराण उघडं. मला आत आलेलं बघून तिने वर पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि कुराण मिटून, चुंबून, कापडात गुंडाळून ठेवलं. मग उठली. मी जे काय बोलले ते आता आठवत नाही. ती पडद्याबाहेर आली आणि सरळ दुकानाच्या खोलीत गेली. तिथे त्यांची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"कवय लई गयात?" तिने विचारलं.

"पंचविसाव्याला. सकाळी."

ती बोटांवर मोजत राहिली. "मंग ठोके कोन?"

"मी."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी पायांवर पडले असते. राग नव्हता. तिला नुसतं कळत नव्हतं, इतक्या दिवसांत तिने कुणाला उत्तर दिलं ते.

दफन भाईने आणि कब्रस्तानातल्या तिघांनी केलं, पांढऱ्या झग्यांत. आम्हाला चेहरा दिसला नाही. त्या संध्याकाळी चाँदही दिसला नाही. एक रोजा आणखी होता.

इद्दतीसाठी अम्मीने तोच कोपरा धरला. चार महिने दहा दिवस विधवेने घराबाहेर पडायचं नसतं. ती त्याच गादीवर बसायची, चादर बाजूला सरकवलेली. माझ्याशी नीट बोलायची, जेवायची. त्या दिवसांबद्दल एक शब्द नाही. मला वाटायचं, एकदा तरी बोल, मार मला. दुसरी कुठली वेळ असती तर ती भांडी आपटून माझ्यावर ओरडली असती, दूध उतू गेलं तरी ओरडायची ती.

ईदनंतर महिनाभराने एका संध्याकाळी तिने चादर पुन्हा ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा विचारला तर आतून म्हणाली, "मन्हा रोजा शे."

"आज कसला रोजा?"

"एतिकाफ मोडना ना तो. त्यानी कजा."

मी तिथेच खाली बसले. कजा म्हणजे चुकलेलं भरून देणं. म्हटलं हिला आता पुन्हा दहा दिवस बसावं लागणार, इद्दतीत, या तब्येतीत. "अम्मी, किती दिवस बसावं लागेल तुला?"

"एक."

"एक काय?"

"एक दिन. मोडना ते एकच दिनना रोजा ऱ्हास, एक दिन बसाना. व्हई गयं." आणि मग, मला लहानपणी नमाज शिकवताना बोलायची त्याच आवाजात, "आनि घरमां कोनी बिमार व्हयनं तं उठाले काही गुनाह नही, बेटा. त्यास्ले मालूम नव्हतं. ते कवय उठनातच नही."

एक दिवस. एका दिवसाचा उपास, पहाटे खाऊन घ्यायचं आणि मगरिबला खजूर खाऊन सोडायचा, जो ती नाहीतरी आयुष्यभर करत आली. त्याच्या बदल्यात ती चार दिवस दवाखान्याच्या दाराशी बसली असती. तिचा आवाज त्यांच्या कानात गेला असता. तिला एका शब्दाने विचारलं असतं, अम्मी, एतिकाफ मोडलं तर काय होतं, तरी तिने ही एवढी गोष्ट मला भाजी निवडता निवडता सांगितली असती. इमामसाहेबांना फोन करता आला असता. अक्कांना ते न विचारताही कळलं होतं. मी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे असं मला वाटत होतं. हे मी आता रोज म्हणते स्वतःशी, आणि त्याने काही कमी होत नाही.

संध्याकाळी ताट केलं. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, पाण्याचा पेला. पडद्याशी गेले. गज भिंतीला टेकून ठेवलेला होता, त्या दिवसापासून तिथेच. सवयीने हात तिकडे गेला.

अजान सुरू झाली. आत ती ताटाची वाट बघत होती.

मी गजाला हात लावला नाही. ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "अम्मी, मी आहे. ताट आणलंय."

चादरीखालून तिचा हात आला. ताटाकडे न जाता तो आधी फरशीवर चाचपडला, माझा पाय सापडला तसा त्यावर क्षणभर थांबला, मग ताट ओढून घेतलं.

"हां," ती आतून म्हणाली. "तूच शे."